बाईचं नाव कब्जेदार सदरात: वारसनोंद मोहिमेचं पत्रक कसं लिहावं?

निळी_शाई

महिला हक्कांच्या मोहिमांसाठी मजकूर लिहिणाऱ्यांचा हा धागा. विषय मुद्दाम एकच घेतला आहे: नवरा वारल्यावर बायकोचं आणि वडील वारल्यावर मुलीचं नाव सातबाऱ्यावर लागणं. तालुकाभर वाटायच्या पत्रकाचा पहिला खर्डा खाली देते आहे. हातचं न राखता दुरुस्त करा.

> भगिनींनो, जाग्या व्हा! आपला हक्क ओळखा! कायद्याने स्त्रीला संपत्तीत समान वाटा दिला आहे. अन्याय सहन करू नका. आजच तलाठी कार्यालयात जाऊन आपले नाव सातबाऱ्यावर लावून घ्या. स्त्री सक्षम तर देश सक्षम!

पत्रकाबरोबर भिंतीवरचा मजकूर, गाडीवरून वाजवायची ध्वनिफीत, तहसीलदारांना निवेदन आणि बातमी एवढं करायचं आहे. गावं ४० च्या आसपास. निम्म्या गावांत ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आहेत.

गाव_नमुना

या मजकुरात बाईला करता येईल असं एकच वाक्य आहे, ‘तलाठी कार्यालयात जा’, आणि तेही अपुरं आहे. ती गेली की पहिला प्रश्न येतो, ‘कागद आणलेत?’ तिथून ती परत फिरते. पत्रकानं तिला त्या प्रश्नाच्या पुढे न्यायला हवं.

क्रम असा असतो. खातेदाराचा मृत्यूदाखला, वारसांची नावं, वयं आणि नाती सांगणारं प्रतिज्ञापत्र, आधार आणि चालू सातबारा-आठ अ जोडून वारसनोंदीचा अर्ज द्यायचा. ई-हक्क प्रणालीवरून तो ऑनलाइनही करता येतो. चौकशी होऊन वारसांची नोंद आधी गाव नमुना ६-क मध्ये होते. मग नमुना ६ मध्ये फेरफार, म्हणजे नावातल्या बदलाची नोंद, धरला जातो आणि नमुना ९ ची नोटीस निघते. हरकतीला १५ दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि मगच सातबारा बदलतो. हरकत आली तर प्रकरण ६-अ या वादग्रस्त नोंदींच्या वहीत जातं आणि सुनावणी लागते. तिथला निर्णय पटला नाही तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील.

आता सगळ्यात जास्त फसगत कुठे होते ते सांगतो. सातबाऱ्यावर नावांच्या दोन जागा असतात: कब्जेदार सदर, म्हणजे जमीन ज्यांची त्यांच्या नावांचा रकाना, आणि इतर हक्क. विधवेचं किंवा मुलीचं नाव ‘इतर हक्क’मध्ये टाकून मुलांची नावं कब्जेदार सदरात लावायची, हा प्रकार जुन्या सातबाऱ्यांवर जागोजाग दिसतो. बाईला वाटतं नाव लागलं. पण पीककर्ज, पीकविमा, अनुदान, सगळं कब्जेदाराच्या नावानं चालतं. दुसरा प्रकार ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर: थोरल्या भावाचं एकट्याचं नाव आणि बाकीचे सगळे त्याच्या पोटात. म्हणून पत्रकातलं ‘सातबाऱ्यावर नाव’ काढा आणि ‘कब्जेदार सदरात नाव’ असं लिहा. या दोन शब्दांसाठी बाकीचं अर्धं पत्रक गेलं तरी चालेल.

आणि ‘आजच’ काढून टाका. मृत्यूदाखला हाताशी नसेल तर आजची फेरी फुकट जाते आणि दुसरी फेरी होत नाही.

वाटणीपत्र

‘कायद्याने समान वाटा’ हेही जसंच्या तसं छापू नका. कुठला कायदा, ते कुटुंबावर ठरतं.

हिंदू वारसा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना लागू होतो. पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर त्याची स्वतःची मालमत्ता बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांच्यात सारखी वाटली जाते. बायको, दोन मुलगे, एक मुलगी आणि आई असतील तर पाच वाटे. सासू ही वारस आहे हे बहुतेक पत्रकांत राहून जातं, आणि मग सून-सासूचं भांडण मोहिमेच्या नावावर जमा होतं. जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल तर आधी मयताचा हिस्सा किती हे काढावं लागतं, मगच ही वाटणी. पत्रकात अपूर्णांक छापायच्या फंदात पडू नका. ‘तुमचा वाटा किती हे शिबिरात कागद पाहून सांगू’ एवढंच लिहा.

मुलींबाबत तारखा नीट ठेवा. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना सहदायक, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं वाटेकरी, केलं, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या केंद्रीय दुरुस्तीनं तो भेद गेला. ‘२००५ ला वडील हयात होते का’ हा वाद सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात मिटवला: हक्क जन्मानं येतो, वडील त्या दिवशी हयात असण्याची अट नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्या आणि विक्री यांना त्यामुळे धक्का लागत नाही. गावात विचारला जाणारा पहिला प्रश्न हाच असतो, त्यामुळे कार्यकर्तीला हे पाठ हवं. पत्रकात नको.

‘दुसरं लग्न केलंस तर जमीन जाईल’ ही धमकी सर्रास दिली जाते. नवऱ्याच्या मृत्यूबरोबर विधवेचा वाटा तिच्याकडे येतो आणि नंतरच्या लग्नानं तो परत जात नाही. हे वाक्य पत्रकात जरूर घ्या.

आदिवासी वस्त्यांसाठी मात्र वेगळं पत्रक करा. अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा आपोआप लागू होत नाही. नंदुरबार, पालघर, गडचिरोलीत सरसकट ‘समान वाटा’ वाटलं की बाई कार्यालयात तोंडघशी पडते आणि आपल्यावरचा विश्वास उडतो. मुस्लिम कुटुंबात विधवेला मुलं असतील तर एक अष्टमांश, नसतील तर एक चतुर्थांश, आणि मुलीला मुलाच्या निम्मं. तिथे भांडण ‘समान’साठी नसतं, आहे तो वाटा प्रत्यक्ष नावावर यावा यासाठी असतं, आणि तेही मोठं काम आहे.

मांडवीकाठ

गोव्यातल्या मराठी वाचकांसाठी एक भर: इथे हे पत्रक चालणार नाही. पोर्तुगीज काळापासून आलेल्या नागरी कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक असते आणि निम्मी बायकोची स्वतःची धरली जाते. नवरा गेल्यावर उरलेल्या निम्म्याचा वारसा उघडतो. वाटप इन्व्हेंटरी प्रोसिडिंगमधून, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करणाऱ्या न्यायालयीन प्रक्रियेतून, होतं, त्यासाठी २०१२ चा गोव्याचा स्वतंत्र कायदा आहे. सिंधुदुर्गात छापलेली पत्रकं पेडणे-डिचोलीत वाटू नका.

ज्वारीची_ताटं

हक्कसोडपत्राबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. वारसनोंद झाली की लगोलग बहिणींच्या सह्या घेतल्या जातात. ‘माहेर तुटेल’ ही भीती खरी आहे, ती कायद्याच्या कलमानं जात नाही. त्यामुळे ‘सही करू नका’ असं छापलं तर बायका पत्रक घरी नेणार नाहीत. त्याऐवजी: ‘सही करण्याआधी कागद वाचून घ्या. वाचून दाखवायला आम्ही येऊ.’

माहिती म्हणून: स्थावर मालमत्तेचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं असावं लागतं. नुसत्या स्टॅम्पपेपरवर सही घेऊन नोटरी केली तर त्यानं हक्क सुटत नाही. ‘मागेच सही दिली, आता काय’ म्हणणाऱ्या कित्येक जणींचा कागद नोंदवलेलाच नसतो. तो आधी पाहायला मागा. नोंदवलेला असेल आणि फसवून घेतला असेल, तर दिवाणी दावा फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो.

भिंतीवरची_अक्षरं

छपाईचं.

पत्रक ए-५ आकारात, एका बाजूला मजकूर, दुसऱ्या बाजूला कागदांची यादी आणि पुढे चौकोन, म्हणजे बाई पेनानं खूण करत जाईल. अक्षर १६ पॉइंटच्या खाली नको. ठळक अक्षरं दोनच ठिकाणी. सगळंच ठळक केलं की काहीच दिसत नाही. जोडाक्षरं उघडी दिसतील असा फाँट घ्या. बारीक छपाईत ‘द्ध’, ‘ष्ट्र’, ‘क्त’ यांचा काळा ठिपका होतो. ७० जीएसएमचा कागद पलीकडची शाई दाखवतो, ८० किंवा १०० घ्या.

भिंतीवर १२ शब्दांच्या वर जाऊ नका. अक्षराची उंची एक इंच असेल तर साधारण १० फुटांवरून आरामात वाचता येतं. रस्त्यापलीकडून ४० फुटांवर दिसायला चार इंच हवं. गेरूच्या पट्ट्यावर पांढरं अक्षर टिकतं. पिवळ्यावर लाल दुपारच्या उन्हात दिसत नाही. ग्रामपंचायतीची किंवा घरमालकाची लेखी परवानगी घ्या, कारण भिंती विद्रूप करण्याविरुद्ध राज्यात १९९५ चा कायदा आहे. जागा म्हणजे गिरणी, रेशन दुकान, बचत गटाच्या बैठकीची ओसरी. पारावर आणि चहाच्या टपरीवर पुरुष वाचतात. तिथेही लिहावं, पण वेगळं: ‘बायकोचं नाव लावायला नवरा हयात असतानाही अर्ज देता येतो.’

ध्वनिफीत ९० सेकंदांची, म्हणजे जेमतेम १८० शब्द. बोली त्या-त्या भागाची. खानदेशात अहिराणीत केलीत तर गाडीमागे माणसं थांबतात. फोन नंबर दोनदा सांगा, एकेक आकडा सुटा. रात्री १० नंतर भोंगा बंद.

गाव_नमुना

‘नवरा हयात असताना’ हा मुद्दा चांगला काढलात. शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्ती मोहीम याच विषयाची होती, आणि पुढे महसूल खात्यानंही त्याच नावानं पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. अर्ज नवऱ्यानं करायचा असतो, म्हणून हे पत्रक पुरुषांना उद्देशून लिहा.

घराबाबत: ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला दोघांची नावं लावून घ्या, पण ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. ‘घर नावावर झालं’ असं छापू नका.

पदर_आणि_पाटी

शब्दांबद्दल. खर्ड्यात ‘भगिनींनो, जाग्या व्हा’ आहे. ज्या बाईनं नवऱ्यामागे शेत आणि कर्ज दोन्ही ओढलं तिला जागं करायची गरज नसते. तिला माहिती हवी असते. उपदेशाचा सूर पहिल्या ओळीतच वाचक घालवतो.

‘विधवा’ की ‘एकल महिला’? माझं मत ‘एकल’ला. त्यात नवरा वारलेली, सोडून दिलेली, सोडून आलेली आणि न लग्न केलेली, सगळ्या येतात आणि नवऱ्याच्या मरणावरून ओळख ठरत नाही. एप्रिल २०२३ मध्ये ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ लिहिण्याचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा महिला संघटनांनी विरोध केला तो याचसाठी: शब्द बदलला तरी शिक्का तोच राहत होता.

वाटणीपत्र

पत्रकापुरतं मी असहमत. वारसाहक्क ‘एकल’ असण्यानं मिळत नाही, मयताची पत्नी असण्यानं मिळतो. सोडून दिलेल्या बाईचा नवरा जिवंत आहे. तिचा मार्ग वेगळा: पोटगी, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातला राहत्या घराचा हक्क. ‘एकल महिलांनी वारसनोंद करावी’ वाचून ती रांगेत उभी राहते आणि कार्यालयात तिला सगळ्यांसमोर परत पाठवतात.

पदर_आणि_पाटी

हे बरोबर आहे, मान्य. मग शिक्काही नको आणि गोंधळही नको: ‘तुमचे पती वारले असतील तर’. संघटनेच्या नावात, बॅनरवर, बातमीत ‘एकल महिला’ राहू द्या. अर्जाच्या नमुन्यात ‘मयताची पत्नी’. ‘परित्यक्ता’ मात्र कुठेच नको.

आणखी एक. ‘स्त्री सक्षम तर देश सक्षम’ काढा. हक्क देशाच्या उपयोगासाठी मिळत नाही, तिचा आहे म्हणून मिळतो. गर्भलिंगनिदानाच्या मोहिमांत अशीच चूक झाली. ‘मुली नसतील तर सून कुठून आणाल’ या घोषणेत मुलीचं मोल लग्नापुरतंच उरलं. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ या शब्दानं तर कायदेशीर गर्भपातही खुनासारखा वाटू लागला, आणि १९७१ च्या कायद्यानं मिळालेली सेवा मागायला बायका घाबरू लागल्या. तिथे ‘गर्भलिंगनिवड’ हा शब्द वापरा.

तालुका_वार्ता

बातमीचं. तालुका वार्ताहराकडे मजकूर दुपारी चारच्या आत, युनिकोडमध्ये, फोनवरच्या साध्या संदेशात पाठवा. पत्राचा फोटो किंवा पीडीएफ पाठवलं तर कोणाला तरी ते पुन्हा टाइप करावं लागतं, आणि तिथेच बातमी राहते. २०० ते २५० शब्द पुरेत.

बातम्यांत हमखास होणारी चूक म्हणजे अध्यक्षस्थान, दीपप्रज्वलन आणि मान्यवरांची नावं यांतच तीन परिच्छेद जाणं. जागा कमी पडली की शेवटून कापतात, आणि ‘पुढचं शिबिर अमुक गावी, हे कागद आणा’ ही एकमेव कामाची ओळ शेवटी असते. ती पहिल्या परिच्छेदात आणा.

मथळा ‘महिला मेळावा उत्साहात’ असा नको. किती अर्ज दाखल झाले, किती फेरफार प्रमाणित झाले आणि किती अडले, तो आकडा मथळ्यात. आकडे पोच पाहून मोजलेले असावेत. ‘शेकडो महिला’ लिहिलं की पुढच्या खेपेला तुमचा खरा आकडाही कोणी मानत नाही.

झाकलेली_मूठ

फोटोबद्दल कळकळीनं सांगायचं आहे. हातात सातबारा धरलेल्या बाईचा फोटो छापू नका. गट क्रमांक वाचता आला तर महाभूलेख या सातबाऱ्याच्या सरकारी संकेतस्थळावर कोणीही तिचं पूर्ण खातं पाहू शकतं. दीर आणि पुतण्यांबरोबर वाद चालू असताना असा फोटो म्हणजे हरकत घेणाऱ्याला दिलेली खबर. पाठमोरा फोटोही गावाला ओळखू येतो, साडीवरून, ओट्यावरून. हात, कागदांची पिशवी, कार्यालयाची पाटी यांचे फोटो घ्या. चेहरा हवाच असेल तर फेरफार प्रमाणित झाल्यानंतर, लेखी संमतीनं, आणि ‘कधीही काढायला सांगू शकता’ हे तोंडी समजावून.

शिबिरात जमिनीबरोबर मारहाणीच्या, अत्याचाराच्या गोष्टीही बाहेर येतात. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख छापणं गुन्हा आहे: पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २२८-अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. मुलांबाबत पोक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं कलम २३. नाव गाळून गाव, नवऱ्याचा व्यवसाय आणि मुलांची शाळा लिहिली तरी ओळख पटतेच. डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं आहे. २२८-अ आलं १९८३ साली, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणानंतर. सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं, १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी खुलं पत्र लिहिलं आणि देशभर आंदोलन उभं राहिलं. त्या आंदोलनाच्या वेळी त्या मुलीचं नाव मात्र सगळीकडे पोचलं होतं. नंतर आलेल्या कायद्यानं ते झाकलं गेलं नाही. आपल्या कामात ओळख सुरुवातीपासूनच जपायला हवी.

कार्यकर्तीच्या वहीत १८१ (महिला हेल्पलाइन), ११२ (तातडीची मदत), १०९८ (मुलांसाठी) आणि संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर हवा. पत्रकावर मात्र हिंसेबद्दल एक शब्दही नको, कारण ते पत्रक घरात सगळ्यांच्या हाती पडणार आहे.

निवेदनवाली

निवेदनात एकच मागणी, एकाच कार्यालयाकडे, पान एक. ‘महिलांना न्याय मिळावा’ या मागणीवर कुठलाही अधिकारी शेरा मारू शकत नाही. ‘तालुक्यातील मयत खातेदारांची गावनिहाय यादी चावडीवाचन करून प्रसिद्ध करावी व वारस पत्नी-मुलींची नावे कब्जेदार सदरात घ्यावीत’ यावर मारता येतो. आधार म्हणून जोडायला २०२५ च्या एप्रिलपासून राज्यभर राबवलेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम आहे. तिच्यात चावडीवाचन हाच पहिला टप्पा होता. शेतकरी आत्महत्या झालेल्या कुटुंबांसाठी जून २०१९ चा शासन निर्णय आहे, तो महिला किसान अधिकार मंचाच्या पाठपुराव्यातून आला. त्याची प्रत जोडाच, खालच्या कार्यालयांत अनेकांना तो माहीत नसतो.

दोन प्रती न्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख. त्याशिवाय निवेदन दिलं असं धरू नका. हातात निवेदन देतानाचा फोटो ही पोच नव्हे. महिनाभरात उत्तर नसेल तर महिला लोकशाही दिनात तक्रार: तालुक्याला चौथा सोमवार, जिल्ह्याला तिसरा.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. विषय तिथे मंजूर करून मुख्य सभेत आणा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनानं तो इतर गावांपुढे ठेवला. एका ठरावाचं वजन किती हे त्यातून दिसतं. पण बांगड्या न फोडण्याच्या ठरावाला टाळ्या मिळतात, जमिनीच्या ठरावाला शांतता मिळते. म्हणून दोन्ही ओळी एकाच ठरावात घाला.

ज्वारीची_ताटं

वेळ. ऊसतोडीची कुटुंबं दसरा-दिवाळीला जातात, परततात मार्च-एप्रिलनंतर. ८ मार्चचा मेळावा त्या गावांत रिकामा जातो. पेरणीचे दिवसही टाळा. त्यांच्यासाठी मे महिना, नाहीतर पोळ्यानंतर दसऱ्याआधी. रोजची वेळ रात्री आठनंतर.

आणि १५ दिवसांची नोटीस ती गावात नसताना निघू देऊ नका. अर्ज तिच्या परतण्याच्या आठवड्यात, नाहीतर निघण्याआधी किमान दीड महिना.

निळी_शाई

सगळं घेतलं. नवा मजकूर:

> तुमचे पती किंवा वडील वारले आहेत, आणि जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे का?
> सातबाऱ्यावर कब्जेदार सदरात तुमचं नाव लागू शकतं. पतीच्या मागे लग्न केलं तरी मिळालेला वाटा जात नाही.
> मागच्या बाजूला कागदांची यादी आहे. जेवढे असतील तेवढे घेऊन शिबिराला या. उरलेले कसे काढायचे ते सांगू. अर्ज तिथेच भरून देऊ.
> अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.
> कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो वाचून घ्या. वाचून दाखवायला आम्ही येऊ.
> महिलांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही: १५१००
> शिबिर: गाव, वार, रात्री ८

आदिवासी वस्त्या आणि मुस्लिम मोहल्ल्यांसाठी दोन वेगळी पत्रकं करते आहे.

गाव_नमुना

‘पोच’नंतर एक ओळ वाढवा: ‘दोन महिन्यांनी नवा सातबारा काढून नाव कुठल्या सदरात आहे ते बघा.’ मोहिमेच्या वहीतही गावनिहाय चार रकाने ठेवा: अर्ज, पोच, फेरफार क्रमांक, कब्जेदार की इतर हक्क. चौथा रकाना भरला नाही तोवर ते नाव ‘झालं’मध्ये धरू नका.